कोरी नोट आणि मळकी नोट

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं आमच्या शाळेंत विद्यार्थ्यांच्या छंदांचें जें प्रदर्शन भरलें होतें, त्याच्या परीक्षणाचें काम आमच्याकडे आलें होतें. पोस्टाचीं तिकिटें, शिंपले, वाळविलेलीं पानें, आगपेट्यांवरील चित्रें हे नेहमींचे संग्रह होतेच. परंतु यंदा दोन मुलांनीं जुन्या परदेशी नोटा मांडल्या होत्या. योगायोग असा कीं, दोघांच्याहि नोटा कॅरिबियन समुद्रांतील बेटांच्या, व दोघांच्याहि एकोणिसाव्या शतकांतल्या. एकाच्या वहींत क्यूबा बेटावरील इ. स. १८९६ सालच्या सहा नोटा होत्या. कोऱ्या करकरीत, जणूं कालच छापखान्यांतून बाहेर पडलेल्या. दुसऱ्याजवळ एकच नोट होती. ती हैती देशाची, दोन गूर्दांची, मळून तपकिरी झालेली, घडीवर फाटलेली, आणि तिजवरील शाईच्या सह्या पुसट झालेल्या. ह्या मुलाचे मामा व्यापारी बोटीवर नोकरीस आहेत. त्यांनीं ती कोणत्याशा बंदरांतील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून थोडक्या पैशांत आणली होती. आम्हीं पहिलें बक्षीस कोऱ्या नोटांस दिलें. मळक्या नोटेस कांहींच दिलें नाहीं.

निकाल लागल्यावर तो मुलगा आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, माझी नोट लोकांनीं वापरलेली आहे, म्हणून तिचा नंबर गेला का?” आम्हीं त्या वेळीं कांहींतरी सांगून त्याची समजूत घातली, पण घरीं आल्यावर प्रश्न मनांतून जाईना. नोट ही वापरण्यासाठींच असते. मग वापरलेल्या नोटेस कमी गुण, हा न्याय कोठला? पुष्कळ विचारान्तीं आमचें असें मत झालें आहे कीं, आमचा निकाल चुकला. तो कसा चुकला, हें सांगण्यासाठींच आम्ही ह्या अंकांत चार पानें अडवीत आहों.

प्रथम नोट म्हणजे काय, हें पाहूं. आमच्या पालकवर्गापैकीं ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं व्यापार होता, त्यांस हुंडीची रीत ऐकून तरी ठाऊक असेल. हुंडी म्हणजे पैसे देण्याचा लेखी वायदा. ती पटली, म्हणजे तिचे पैसे मिळाले, कीं ती रद्द होई, आणि अशा रद्द झालेल्या हुंडीस पेढीवाले ‘खोखा’ म्हणत. बँकेच्या नोटेचें मूळ असेंच आहे. सोन्याचांदीचें नाणें आमच्यापाशीं आहे, मागाल तेव्हां देऊं, असें बँक कागदावर लिहून देते, आणि तो कागद हातोहात फिरूं लागतो. आतां बँक सचोटीची व भक्कम असेल, तर काय होईल? नोट केव्हां ना केव्हां तिच्याकडे परत येईल, तिचे पैसे दिले जातील, सहीवर कात्री चालेल किंवा भोंक पडेल, आणि शेवटीं तो कागद जाळला जाईल. उलट बँक बुडाली, किंवा सरकारनें पैसे देण्याचें नाकारलें, तर नोट ज्याच्या हातीं असेल त्याच्याच हातीं राहील. म्हणून शंभर दीडशें वर्षांनंतर संग्राहकांस जें सहज मिळतें, तें बहुधा मोडलेलें वचन असतें. पाळलेलें वचन राख होऊन गेलेलें असतें. नाण्यांचा संग्रह आणि नोटांचा संग्रह ह्यांत हा मोठा भेद आहे. नाणें मोडून त्याचें सोनेंचांदी करतां येतें. बुडालेल्या नोटेचें कांहींच करतां येत नाहीं, म्हणूनच ती वांचते.

हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे कॅरिबियन बेटांच्या नोटा निव्वळ रंगीबेरंगी कागद राहात नाहींत. क्रिकेटमुळें ‘वेस्ट इंडीज’ हें नांव आमच्या मुलांच्या तोंडीं असतें. परंतु त्या बेटांचा गतशतकाआधींचा इतिहास ऊंस, साखर व गुलामगिरी ह्या तीन शब्दांत मावतो. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या माणसांनीं ऊंस लावावा, साखर युरोपांत जावी, आणि मळेवाल्यांनीं श्रीमंत व्हावें. ब्रिटिश पार्लमेंटानें १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला; तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला, व ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं उरलेली वेठ १ ऑगस्ट १८३८ रोजीं संपली. ह्या वेळीं दोन कोटी पौंड नुकसानभरपाई देण्यांत आली. कोणास? ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या फुकट राबणूक सोसली त्यांस नव्हे. ज्यांनीं राबविलें त्यांस. त्यासाठीं जें कर्ज काढलें गेलें, त्याचा शेवटचा अंश ब्रिटिश खजिन्यानें २०१५ सालीं फेडला, हें वाचून आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल, आम्हांसहि वाटलें.

आतां जेथें कालपर्यंत मजुरीच नव्हती तेथें मजुरी द्यावी लागूं लागली, आणि मजुरीसाठीं रोकड लागते. १८३६ सालीं लंडनमध्यें ‘कलोनियल बँक’ नांवाच्या बँकेस राजसनद मिळाली, व दुसऱ्याच वर्षीं बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका इत्यादि ठिकाणीं तिच्या शाखा उघडल्या. तिच्या नोटा विद्यार्थ्यांनीं अवश्य अभ्यासाव्यात, कारण त्यांत एक गमतीचें गणित आहे. त्या बेटांवरील लोक स्पॅनिश डॉलरांत हिशोब करीत. राज्य मात्र इंग्रजांचें, म्हणजे पौंड-शिलिंगांचें. डॉलरचा भाव चार शिलिंग दोन पेन्स ठरलेला. म्हणून एकाच नोटेवर एकीकडे पांच डॉलर, तर दुसरीकडे एक पौंड दहा पेन्स, असे दोन आंकडे दिसतात. चार शिलिंग दोन पेन्स म्हणजे पन्नास पेन्स. डॉलरचे सेंट शंभर. तेव्हां एक सेंट बरोबर अर्ध्या पेनीचा झाला, व बाजारांत कोणाचेंहि अडलें नाहीं. पण लहानांत लहान नोट पांच डॉलरांचीच कां? तर एका पौंडाहून कमी किंमतीच्या नोटा वसाहतींतील बँकांनीं काढूं नयेत असा लंडनच्या खजिन्याचा दंडक होता, आणि पांच डॉलर ही रक्कम पौंडाच्या किंचित वर जाते. दंडक पाळला गेला व आंकडाहि सोपा राहिला!

येथें आपल्या देशाचा संबंध येतो. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ केला. १८३८ सालीं पहिलीं गलबतें ब्रिटिश गियानास, व १८४५ सालीं त्रिनिदाद व जमैका येथें पोंचलीं. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादला सुमारें एक लक्ष चव्वेचाळीस हजार माणसें गेलीं. तीं बहुतेक कलकत्ता बंदरांतून गेलेलीं उत्तरेकडील, व कांहीं मद्रासकडील होतीं. आपल्या भागांतील फारशीं नव्हतीं. त्रिनिदादमध्यें धडधाकट करारबद्ध पुरुषास दिवसाची कायदेशीर मजुरी पंचवीस सेंट असे. आतां विद्यार्थिमित्रांनीं भागाकार करावा: पांच डॉलरांची ती सर्वांत लहान नोट म्हणजे त्याची किती दिवसांची कमाई? वीस दिवसांची, आणि तीहि एक दिवस आजारी न पडतां व एक दिवसाचा दंड न होतां. ज्या मजुराच्या घामावर ही बँक चालली, त्याच्या मुठींत तिची नोट कितीदां आली असेल, ह्याचा अंदाज ज्यानें त्यानें बांधावा. अशी नोट वहींत लावणाऱ्या मुलानें शेजारीं हा भागाकार लिहिला, तर आम्ही त्यास पांच गुण अधिक देऊं.

कलोनियल बँक टिकली. पुढें १९२५ सालीं ती बार्कलेज बँकेंत समाविष्ट झाली. तिनें आपल्या नोटांचे पैसे दिले, म्हणून तिच्या एकोणिसाव्या शतकांतील चलनांत फिरलेल्या नोटा आज दुर्मिळ आहेत. सर्वांचेंच असें झालें नाहीं. बार्बाडोस येथें स्थानिक लोकांनीं १८४० सालीं वेस्ट इंडिया बँक काढली होती. १८४६ सालीं इंग्लंडनें साखरेवरील जकातीचा कायदा बदलला, साखरेचा भाव कोसळला, आणि दुसऱ्या वर्षीं ती बँक बुडाली. एका पिकावर अवलंबून राहणाऱ्या देशांत पीक व पेढी एकाच नावेंत बसलेलीं असतात.

फ्रेंच बेटांची गोष्ट तर अधिक उघड आहे. मार्टिनिक व ग्वादलूप येथें गुलामगिरी १८४८ सालीं उठली. तेथेंहि भरपाई मालकांसच मिळाली. मात्र १८४९ च्या कायद्यानें तिचा आठवा हिस्सा राखून ठेवून त्यांतून त्या बेटांसाठीं बँका उभारण्यांत आल्या. म्हणजे त्या बँकांच्या भांडवलाचा उगम कोठें आहे, हें कायद्यांतच लिहिलेलें आहे. त्यांच्या नोटांवरील नक्षी सुंदर आहे. नक्षी पाहावीच, पण तिच्या खालचा पायाहि पाहावा, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां त्या मळक्या नोटेकडे वळूं. हैती हें बेटाच्या पश्चिम भागांतील राज्य. तेथील गुलामांनीं स्वतः शस्त्र हातीं घेऊन फ्रेंचांस हांकून लावलें व १ जानेवारी १८०४ रोजीं स्वातंत्र्य पुकारलें. जगाच्या इतिहासांत ह्या गोष्टीस जोड नाहीं. परंतु १८२५ सालीं फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स ह्यानें लढाऊ गलबतें पाठवून मागणी केली कीं, तुमच्या स्वातंत्र्यास मान्यता हवी असेल तर आमच्या मळेवाल्यांच्या नुकसानीदाखल पंधरा कोटी फ्रँक द्या. त्या नुकसानींत जमिनीबरोबर माणसेंहि धरलेलीं होतीं! म्हणजे जे कालचे गुलाम, त्यांनींच आपल्या शरीराची किंमत आपल्या धन्यास चुकती करावयाची. अध्यक्ष बॉयर ह्यांनीं ती मागणी कबूल केली. पहिला हप्ता तीन कोटींचा. तो देण्यास खजिन्यांत पैसा नाहीं, म्हणून पॅरिसमध्येंच तीन कोटींचें कर्ज काढलें, आणि तें काढतांना हातीं आले दोन कोटी चाळीस लक्ष. पुढें १८३८ सालीं उरलेल्या बारा कोटींचे सहा कोटी करण्यांत आले, तरी एवढें ओझें त्या लहान राष्ट्रास पेलण्यासारखें नव्हतें. चांदी देशाबाहेर गेली, व देशांत तिच्या जागीं कागद आला.

तो कागद म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची दोन गूर्दांची नोट. तिजवर १६ एप्रिल १८२७ च्या कायद्याचा उल्लेख आहे. कागद साधा, छपाई साधी. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या कोरीव कामाशीं तुलनाच नको. पण सह्या हातच्या आहेत. कोणी कारकून टेबलाशीं बसून एकामागून एक नोटांवर सह्या करीत असेल, असें चित्र ती पाहतांना डोळ्यांपुढें उभें राहतें. पुढें यादवी व उधळपट्टी ह्यांमुळें नोटांचा महापूर आला. अखेर १८७२ सालीं जुने तीनशें गूर्द देऊन एक नवा, असा भाव ठरला. दोन गूर्दांचें काय आलें? एका नव्या गूर्दाच्या शंभराव्या भागाचाहि दोन तृतीयांश! एवढ्यासाठीं डोंगरांतल्या कोणा शेतकऱ्यानें दिवसाचें काम टाकून शहरांत कशास जावें? त्यानें ती नोट पेटींत, पोथींत किंवा भिंतीच्या फटींत टाकून दिली असेल. पण पेटींत पडण्यापूर्वीं ती कित्येक बाजारांतून फिरली होती. तिच्यावरचा मळ हा केळीं, कॉफी व मीठमिरची विकणाऱ्या हातांचा मळ आहे. आम्ही परीक्षक मंडळींनीं त्यालाच ‘दोष’ म्हणून गुण कापले!

त्याच बेटाच्या पूर्वेकडील डोमिनिकन प्रजासत्ताकांत काय झालें, तेंहि थोडक्यांत सांगतों. तेथील सिबाव नांवाच्या खोऱ्यांत तंबाखू पिके, आणि ती पिकविणारे व विकणारे लोक तुलनेनें सुस्थितींत होते. १८५७ सालीं अध्यक्ष बायेज ह्यांच्या सरकारनें बेसुमार नोटा छापल्या व त्या देऊन तंबाखूचें पीक खरेदी केलें. शेतकऱ्यांच्या हातीं नोटांच्या गड्ड्या आल्या, आणि गड्ड्यांचा भाव दिवसेंदिवस उतरत चालला. त्यांनीं ७ जुलै १८५७ रोजीं बंड पुकारलें व अखेर बायेजला देश सोडावा लागला. कागदाच्या तुकड्यानें राज्य उलथल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं. ह्यांतील मौज अशी कीं, पुढें १८६३ सालीं ह्याच खोऱ्यांतील लोकांनीं स्पेनविरुद्ध युद्ध पुकारलें, तेव्हां त्यांच्याहि सरकारास नोटा छापाव्याच लागल्या. दुसऱ्याच्या नोटेस हंसणें सोपें असतें.

कोऱ्या नोटांच्या धन्यास वाटेल कीं आम्ही त्याजवर रागावलों आहों. तसें नाहीं. त्याच्या नोटाहि बोलक्या आहेत. फक्त त्या बोलतात काय, हें त्यानेंहि विचारलें नाहीं व आम्हींहि विचारलें नाहीं. १८९५ सालीं क्यूबांत स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. सैन्याचा खर्च भागेना, म्हणून १८९६ सालीं ‘क्यूबा बेटाची स्पॅनिश बँक’ हिच्या नांवानें न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीकडून नोटा छापवून घेण्यांत आल्या, पांच सेंटांच्यासुद्धां. हव्हानाचे व्यापारी त्या घेईनात. सेनापति वेलर ह्यांनीं सक्तीचे हुकूम काढले, तरी भाव घसरतच राहिला. दोन वर्षांत स्पेनचें राज्य गेलें, आणि त्यांबरोबर नोटांचा उरलासुरला आधार गेला. त्या कोऱ्या कां राहिल्या, ह्याचें उत्तर आतां निराळें सांगावयास नको. जी नोट घेण्यास कोणी हात पुढें करीत नाहीं, ती मळणार कशी? हा कोरेपणा तिचा गुण म्हणून आम्हीं मोजला. वस्तुतः तो तिच्यावरचा बाजाराचा शेरा होता.

ह्याच्या उलट त्याच क्यूबांतल्या १८६९ सालच्या नोटा पाहाव्या. १० ऑक्टोबर १८६८ रोजीं कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस ह्या मळेवाल्यानें आपल्या गुलामांस मुक्त करून बंडाचें निशाण उभारलें, आणि दुसऱ्या वर्षीं ‘क्यूबा प्रजासत्ताक’ ह्या नांवानें नोटा निघाल्या. ज्या राज्याची राजधानीहि रानांतून रानांत फिरत होती, त्या राज्याच्या ह्या नोटा! त्यांपैकीं कांहींवर सेस्पेदेस ह्यांची सही आहे. १८७४ सालीं ते स्पॅनिश सैनिकांच्या हातून मारले गेले, व १८७८ सालीं तें युद्ध अपयशांत संपलें. हें वचनहि पाळलें गेलें नाहीं. परंतु तें देणाऱ्यानें त्यापायीं प्राण दिले. मोडलेलीं वचनें सगळीं एका जातीचीं नसतात, हें ज्यास शिकावयाचें असेल त्यानें १८६९ ची व १८९६ ची नोट शेजारीं शेजारीं लावावी.

कांहीं पालक म्हणतील, हें सारें ठीक. पण अशा छंदांत मुलाचा पैसा कशास घालवावा? आमचेंहि तेंच म्हणणें आहे. दुर्मिळ नोटांच्या मागें विद्यार्थ्यानें लागूं नये. तो श्रीमंतांचा खेळ आहे, आणि त्यांत फसवणूकहि पुष्कळ चालते. नोटेची किंमत पुढें वाढेल ह्या आशेनें जो ती घेतो, तो संग्राहक नव्हे, सट्टेवाला होय. परंतु फाटकी, मळकी म्हणून ज्या नोटेकडे व्यापारी पाहात नाहींत, ती थोड्या पैशांत मिळते आणि तिच्यामागें महिनाभर वाचन करतां येतें. आमच्या मतें हा सौदा स्वस्त आहे. मात्र ती मिळाल्यावर तिला धुऊं नये, इस्त्री करूं नये, चिकटपट्टी लावूं नये. कित्येकजण नोट सुंदर दिसावी म्हणून तिला पाण्यांत घालून दाबून वाळवितात. त्यानें मळाबरोबर शाईहि जाते. आपल्याकडील दमट हवेंत जुन्या कागदास कसर लागते, व जुनी लोहयुक्त शाई कागद आंतून खाते. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कालांतरानें निघणारे पदार्थहि कागद खराब करतात. त्यापेक्षां पॉलिएस्टरचें स्वच्छ पाकीट किंवा आम्लविरहित कागद बरा. आणि नोट प्रकाशासमोर धरून पाहावी: जलचिन्ह, टांचणीचीं भोकें, घड्या, पाठीमागें कोणीं केलेली बेरीज. कधीं कधीं दोन अर्ध जोडलेली नोट दिसते. त्या काळीं टपालांत चोरी होऊं नये म्हणून नोट कापून एक अर्ध आज व दुसरें अर्ध पुढील टपालानें पाठविण्याची चाल होती.

बक्षीस दिलें तें परत घेणें योग्य नव्हे, व कोऱ्या नोटांच्या धन्यानें तें आनंदानें घरीं नेलेंहि आहे. आम्हीं मुख्याध्यापकांस विनंती करून एवढें ठरवून घेतलें आहे कीं, पुढील वर्षापासून संग्रहाबरोबर प्रत्येक वस्तूची एक पान हकीकत मुलानें स्वहस्तें लिहून ठेवावी, व निम्मे गुण त्या पानास असावेत. दोघांहि मुलांस आम्हीं बोलावून ही गोष्ट सांगितली. क्यूबावाल्यानें लगेच विचारलें, “सर, मग सहा नोटांचीं सहा पानें का?” हैतीवाला कांहीं बोलला नाहीं. त्यानें मामांस पत्र लिहून तें दुकान कोणत्या बंदरांत होतें व दुकानदारास ती नोट कोणाकडून मिळाली, हें विचारलें आहे. मामांची बोट सध्यां समुद्रावर आहे; उत्तर अद्याप आलेलें नाहीं.